उडतं पाखरू आणि तीन कॅमेरे

बसलेल्या बगळ्याचा फोटो कुणीही काढील. तो बिचारा एका पायावर ध्यान लावून उभा असतो. आपण हळूच पुढे सरकायचं, श्वास रोखायचा आणि खटॅक! झाला फोटो. पण दोस्तांनो, तोच बगळा उडाला की? आधी तो कॅमेऱ्यात सापडतच नाही. दिसतं नुसतं आभाळ. मग एक शेपूट दिसतं. मग पुन्हा आभाळ. आणि आपण डोळ्यापासून कॅमेरा काढेपर्यंत बगळा नदीपलीकडच्या उसात उतरलेला असतो.

तुमच्यापैकी किती जणांचं असं झालंय? हात वर करा! माझा तर दोन्ही हातांनी वर.

माझी भाची सांगलीला राहते, नववीत आहे. पक्ष्यांचं वेड तिला चौथीपासून. वहीत नोंदी करून झाल्या, चित्रं काढून झाली, आता तिला कॅमेरा हवा होता. तोही साधासुधा नाही, उडत्या पक्ष्यांचे फोटो काढणारा. यंदा ताईची भिशी लागली आणि हट्टाला पाय फुटले. दाजी म्हणाले, "एकदाच घेऊ, पण नीट चौकशी करून घेऊ. हे पैसे पुन्हा वर्षभर यायचे नाहीत." चौकशीचं काम अर्थातच मामाच्या गळ्यात पडलं. (आईबाबांनो, हा लेख तुम्हीही वाचा. कॅमेरा मुलांच्या गळ्यात असतो, पण पैसे तुमच्या खिशातून जातात.)

भाचीनं दुकानात एक कॅमेरा बघूनच ठेवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : ६० पट झूम! दुकानदार म्हणे, चंद्रावरचे खड्डे दिसतात. दिसतातही, त्यात खोटं काही नाही. पण चंद्र आणि पाखरू यांत एक बारीकसा फरक आहे. चंद्र उडून जात नाही.

म्हणून मी ठरवलं, घ्यायच्या आधी परीक्षा घ्यायची. एका ओळखीच्यांकडून तसाच ६० पट झूमवाला कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला. फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडून त्याचा जुना डी.एस.एल.आर. आणि ७०-३०० मि.मी.चं लेन्स घेतलं. तिसरा होता नवा मिररलेस कॅमेरा आणि १५०-६०० मि.मी.चं भलंथोरलं लेन्स. हे दोन्ही मी भाड्यानं आणले. हो, लेन्स भाड्यानं मिळतात! विकत घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणून बघणं केव्हाही शहाणपणाचं.

हिवाळ्यातली सकाळ, सात वाजलेले. आम्ही दोघं सांगलीच्या कृष्णाकाठी, घाटाच्या पायऱ्यांवर. समोर १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल. पाण्यावर धुक्याची पातळशी साय. पुलाच्या कमानींखालून भिंगऱ्या सुळसुळ ये-जा करत होत्या, आणि पात्रावर नदी सुरय गस्त घालत होते. सुरय पाहिलाय ना तुम्ही? राखाडी अंग, काळी टोपी, पिवळी चोच आणि दुभंगलेली लांब शेपटी. पाण्यावरून उडता उडता एकदम सूर मारतो आणि मासळी घेऊन वर येतो.

आधी ६० पट झूम. भाचीनं पूर्ण झूम लावलं आणि सुरयाचा पाठलाग सुरू केला. "मामा, कुठाय? मामा, आत्ता तर इथं होता!" चाळीस फोटो निघाले. त्यांतल्या एकोणचाळिसांत कृष्णामाईचं पाणी. एकात सुरयाची शेपटी, तीही पुसट.

असं का झालं असेल? चला, थोडं गणित करू. घाबरू नका, त्रैराशिकाच्या पुढे जाणार नाही.

तो कॅमेरा पूर्ण झूमला १२०० मि.मी. लेन्सच्या तोडीचा होतो. म्हणजे ३० मीटरवर त्याला फक्त ९० सेंटिमीटर रुंदीची जागा दिसते. खिडकीच्या झडपेएवढी! आता समजा सुरय ताशी ४० किलोमीटर वेगानं चाललाय. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. मग ती ९० सेंटिमीटरची झडप पार करायला त्याला किती वेळ लागेल? सेकंदाचा बारावा भाग. पापणी लवेपर्यंत पाखरू पसार!

तेच स्टुडिओवाल्या मित्राचं ३०० मि.मी. लेन्स त्याच ३० मीटरवर सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटरची जागा दाखवतं. वेळ मिळतो सेकंदाचा पाचवा भाग. हाही काही फार नाही, पण दुपटीपेक्षा जास्त झाला की नाही? मान वळवायला, हात वळवायला थोडी सवड मिळते. लांबचं लेन्स म्हणजे उंच काठीचा आकडा समजा. फळ लांबचं निघतं खरं, पण काठीचं टोक डुलायला लागतं. उडत्या पाखराला आधी सापडवायचं असतं, मोठं करायचं ते नंतर.

तुम्ही म्हणाल, मग त्या कॅमेऱ्याचं झूम कमी करायचं, सोपं आहे! आम्हीही तेच केलं. फोटोत सुरय आला, पण धूसर. एक तर तसले कॅमेरे फोकस जुळवायला बहुधा वेळ घेतात. दुसरं म्हणजे त्यांच्या आतल्या इवल्या पडद्यावर जे दिसतं, ते क्षणभर उशिरा दिसतं. भराभर फोटो काढताना तर पडदा थिजतोच. बसल्या पक्ष्याला क्षणभराच्या उशिरानं काय फरक पडणार? पण उडता सुरय तेवढ्यात कुठच्या कुठे पोचतो. शिवाय आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, ज्याला सेन्सर म्हणतात, ती अशा कॅमेऱ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. डी.एस.एल.आर.मध्ये ती छोट्या टपाल तिकिटाएवढी, म्हणजे क्षेत्रफळानं बारापटीहून मोठी. सकाळच्या अपुऱ्या उजेडात तो फरक लगेच कळतो. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात.

या कॅमेऱ्यांची मी टिंगल करतोय असं समजू नका. फांदीवरचा खंड्या, झाडाच्या ढोलीतला पिंगळा, शेतातली टिटवी यांचे फार सुंदर फोटो ते काढतात, आणि तेही कमी पैशांत, कमी वजनात. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर तोच घ्या, खुशाल! पण आमच्या बाईसाहेबांना हवं होतं उडतं पाखरू.

दुसरा नंबर डी.एस.एल.आर.चा. यात डोळा लावला की आरशातून खरंखुरं दृश्य दिसतं, उशीर नाही. मी भाचीला तीनच गोष्टी करून दिल्या. शटर १/१६०० सेकंदावर. फोकस एकदा जुळवून थांबणारा नव्हे, तर पक्ष्यामागे सतत धावणारा. आणि बटण दाबून धरलं की फोटोंची माळ निघेल अशी सोय.

१/१६०० कशासाठी, ते पुन्हा आपल्या गणितानं बघा. सेकंदाला ११ मीटर जाणारा पक्षी १/१०० सेकंदात ११ सेंटिमीटर सरकतो. मग फोटोत पक्षी न येता पांढरा फराटा येतो. १/१००० मध्ये तो सरकतो सेंटिमीटरभर. कॅमेरा आपण पक्ष्याबरोबर फिरवत असलो तर तेवढंही नाही. पण पंखांची टोकं अंगापेक्षा जोरात हलतात, म्हणून शटर आणखी थोडं वेगवान ठेवायचं. बगळ्याला, घारीला १/१००० चालतं. सुरयाला १/१६००. भिंगरीला १/३२०० लावलं तरी ती हसत निघून जाते.

साठ फोटोंत चार चांगले आले. चार! भाचीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "अगं, मी रोलच्या जमान्यातला. एका रोलमध्ये ३६ फोटो. धुवून येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही, आणि आल्यावर रडू यायचं." तेव्हाच्या १०० ए.एस.ए.च्या रोलवर, लख्ख उन्हात, एफ ५.६ चं लेन्स पूर्ण उघडलं तरी शटर जेमतेम १/८०० पर्यंत पोचायचं. ऊन जरा उतरलं की पाखरांनी उडायचं आणि आपण नुसतं बघायचं. आज एक आकडा फिरवला की तोच कॅमेरा ८०० ए.एस.ए.सारखा वागतो. आता त्याला आय.एस.ओ. म्हणतात. एवढी एक गोष्ट बदलली आणि सकाळ-संध्याकाळची पाखरं आपल्याला मिळाली.

आता तिसरा, मिररलेस. याची गंमत अशी, की हा पक्षी ओळखतो. पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर बारकासा चौकोन चिकटवतो आणि पक्षी वळला की चौकोनही वळतो. भाची ओरडलीच, "मामा, हा तर जादूचा आहे!" मीही थक्क झालो, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर फोकसची कडी फिरवून माझी बोटं वाकडी झाली आणि हा बेटा आपलं आपण सगळं करतो. पैसे असतील तर यासारखं सुख नाही.

पण पाच मिनिटांत भाचीचे हात थरथरायला लागले. ते १५०-६०० लेन्स एकटंच दोन किलोच्या आसपास असतं. वर कॅमेरा. दोन-अडीच किलोची पिशवी खांद्याला जड नसते, पण तीच डोळ्यासमोर धरून उडत्या सुरयामागे फिरवून बघा! आणि डोळा ओळखायचा तर पक्षी आधी चौकटीत यायला हवा. आणणार कोण? आपणच. सुरय जवळून गेला तेव्हा भाचीला जड लेन्स वळवता आलं नाही, आणि जादूच्या कॅमेऱ्यानं पुलाच्या कमानीवर अगदी सुरेख फोकस केला.

आता तुम्ही विचाराल, मोठी लेन्स इतकी महाग आणि जड का असतात? मासिकांतले फोटो काढणाऱ्यांच्या हातात ते नळकांडं दिसतं ना, ६०० मि.मी. एफ ४, ते नवं घ्यायचं तर दहा लाखांच्या वर जातं. कारण आहे काच. लेन्सचं तोंड जेवढं मोठं उघडेल तेवढा प्रकाश जास्त आत येतो. एफ २.८ मधून एफ ५.६ च्या चौपट प्रकाश येतो. पण त्यासाठी काचेचं भिंग ताटलीएवढं लागतं, आणि तेवढं निर्दोष भिंग घासणं सोपं काम नाही. शाळेतल्या मुलानं, आणि त्याच्या मामानंही, त्या वाटेला जाऊ नये. उन्हात उडणाऱ्या पक्ष्यांना एफ ५.६ पुरतं.

ही उडत्या पाखराची हौस काही आजची नाही बरं का! १८८२ साली फ्रान्समधल्या एटियेन-ज्यूल मारे नावाच्या शास्त्रज्ञानं एक बंदूक बनवली. दस्ता होता, नळी होती, चाप होता. गोळी मात्र नव्हती. चाप ओढला की आतली तबकडी फिरायची आणि एका सेकंदात १२ फोटो निघायचे, प्रत्येक १/७२० सेकंदाचा. पक्षी पंख खाली नेमके कसे मारतो आणि वर कसे उचलतो, हे त्याला बघायचं होतं. नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि पाखरू सुखरूप उडून जायचं. आपल्या हातातला कॅमेरा त्याच बंदुकीचा पणतू.

आता साताऱ्याच्या दोस्तांनी रुसू नये. सरावासाठी तुमच्याकडे तर सांगलीपेक्षा सरस जागा आहेत. सांगली पडली सपाट. पाखरू डोक्यावरून जातं, मागं पांढरं आभाळ असतं आणि फोटोत नुसता काळा ठिपका उमटतो. (अशा वेळी उजेडाचं बटण 'अधिक एक'वर न्यायचं, म्हणजे पोटाखालची पिसं दिसतात.) पण तुम्ही सकाळी नऊ-दहाच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर जा. ऊन तापलं की गरम हवा वर चढते, आणि तिच्यावर स्वार होऊन घारी पंख न हलवता वर येतात, तटाच्या बरोबरीनं! कधी तर त्या आपल्या खालून जातात. घारीची पाठ आभाळातून कधी पाहिलीय? गडावरून दिसते. आणि घार संथ, मोठी, गोल फिरून पुन्हा तिथेच येणारी. नवशिक्याला याहून चांगली गुरू नाही. फक्त तटाच्या कडेवर उभं राहून कॅमेऱ्यात डोळा घालू नका. आधी भक्कम जागा बघून बसा, मोठं माणूस सोबत ठेवा, मग वर बघा.

चाळकेवाडीच्या पठारावरही जा, पवनचक्क्यांच्या देशात. तिथं हिवाळ्यात खरुची नावाचा छोटा शिकारी पक्षी दिसतो. तो वाऱ्याकडे तोंड करून, पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबतो आणि खाली उंदीर, टोळ शोधतो. उडतोय, पण जागचा हलत नाही! त्याचा फोटो नाही आला तर दोष कॅमेऱ्याचा नाही हं.

कॅमेराच नसेल तर? कॅलेंडर गुंडाळून येतं ती पुठ्ठ्याची नळी घ्या. एक डोळा मिटा आणि संध्याकाळी परतणारे बगळे त्या नळीत धरून ठेवायचा प्रयत्न करा. उंच उडालेला चेंडू झेलताना आपण चेंडूवरची नजर काढत नाही, तसंच. नजर पाखरावर ठेवूनच नळी डोळ्याला लावायची. भाचीकडून मी हे आठ दिवस करून घेतलं. गच्चीवर नळी घेऊन फिरणारी पोर बघून शेजारच्या आजींनी ताईकडे काळजीनं चौकशी केली म्हणे!

एवढा अभ्यास झाल्यावर आम्ही डी.एस.एल.आर. आणि ७०-३०० पाठीवर टाकून निघालो येरळवाडीला.

येरळा नदी तुम्ही नकाशात शोधा. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम, आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते. पावसाळा सरला की बऱ्याच ठिकाणी नुसती वाळू. असल्या दुष्काळी मुलखात पाणी अडवलंय ते येरळवाडीच्या धरणात, आणि थोड्या अंतरावर मायणीच्या इंग्रजी अमदानीतल्या तलावात. पाणी कमी, म्हणून ते उथळ. उथळ, म्हणून त्यात चिखल, किडे, शेवाळ. आणि त्यासाठी हिवाळ्यात इथं पाहुणे येतात : चक्रवाक, थापट्या, आणि सगळ्यांचे लाडके रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मायणीला २०२१ साली पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. मात्र रोहित दरवर्षी दिसतीलच असा भरवसा नाही. धरण काठोकाठ भरलं तर त्यांना उभं राहायला उथळ जागाच उरत नाही. तेव्हा जाण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारून निघावं.

सांगलीहून एस.टी.नं विटा, विट्याहून मायणी. रात्री आत्तेभावाकडे मुक्काम, आणि पहाटे त्याच्या दुधाच्या टेम्पोत, किटल्यांच्या सोबतीनं धरण. थंडी अशी, की भाचीनं माझा मफलरही पळवला.

काठावर पोचताच मी मूठभर वाळकं गवत हवेत सोडलं. ते आमच्या पाठीकडून पाण्याकडे उडालं. "हे काय मामा, नवस?" नवस नाही, शास्त्र! पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, विमानासारखे. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे बहुधा पूर्वेचा वारा असतो. मग पूर्वेच्या काठावर बसलं की सूर्यही पाठीशी, वाराही पाठीशी, आणि पाखरू उठलं की येतं आपल्याच दिशेनं. हे एवढं कळलं ना, की लेन्सचे शंभर मि.मी. फुकट वाढले म्हणून समजा.

समोर दीडशे मीटरवर रोहित होते. चाळीस-बेचाळीस. डोकं उलटं पाण्यात घालून गाळ गाळत चाललेले. लांबून बघितलं तर मळकट पांढरे, किंचित गुलाबी. भाची हिरमुसली. "फोटोत तर लालभडक असतात!"

असतात, पण पंख उघडल्यावर. लाल आणि काळा रंग सगळा पंखांत मिटलेला असतो. बसलेला रोहित म्हणजे बंद छत्री. ती उघडली, की बघत राहावं!

दोस्तांनो, इथंच खरी परीक्षा असते. सात वाजले, आठ वाजले. पाखरं खातायत आपली. पाय बधिर झाले. साडेआठला भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, एक छोटासा दगड टाकू? त्यांना लागणार नाही, पाण्यातच टाकते."

मी लगेच रागावलो नाही. कसा रागावणार? मीही तेच केलं होतं.

१९९४ साली मायणीच्या तलावावर गेलो होतो. असेच रोहित, असाच कंटाळा. माझ्या रोलमध्ये थोडे फोटो उरलेले. मी उठलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. सगळा थवा एकदम उठला! आभाळ लाल झालं. मी कॅमेरा लावला, बटण दाबलं, एकदा, दोनदा, आणि मग बटण दबेचना. रोल संपला होता. थवा तलावावरून एक चक्कर मारून डोंगराआड गेला. संध्याकाळपर्यंत थांबलो, पण परत आला नाही. तिथं एक धनगर आजोबा मेंढरं पाजत होते. ते काही ओरडले नाहीत. म्हणाले एवढंच, "खात हुती बिचारी. उठिवलीसा कशापायी?"

रोल धुवून आला. दोन फोटो आले होते. दोन्हींत रोहितांच्या पाठी. कारण घाबरलेलं पाखरू आपल्यापासून लांब पळतं, आपल्याकडे येत नाही. इतकी साधी गोष्ट मला तोपर्यंत सुचली नव्हती.

हे सगळं मी भाचीला कुजबुजत सांगितलं. आणि हेही सांगितलं, की रोहितांना पोट भरायला तासन् तास गाळ गाळावा लागतो. एकेक उड्डाण म्हणजे त्या कमाईतला खर्च. दिवसात चार हौशी लोकांनी चार दगड टाकले, तर ती पाखरं हा तलाव सोडून देतात. भाचीनं हातातला दगड खाली ठेवला. बोलली काही नाही. डबा उघडला आणि आम्ही दोघांनी थंडगार धपाटे खाल्ले.

सव्वानऊच्या सुमारास थव्यात कुजबूज सुरू झाली. बदकांसारखा आवाज. एकेक मान वर यायला लागली. मान वर, चालणं जलद, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. हे उडण्याआधीचं लक्षण. मी फक्त म्हटलं, "नळी!" तिला कळलं. नजर पाखरांवर ठेवून तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

पहिले सात-आठ रोहित पाण्यावर धावायला लागले, वाऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे! धावता धावता पंख उघडले. माझ्या तोंडून आवाज फुटेना. ते उठले, उजवीकडे वळले, आणि साठ-सत्तर मीटरवरून माना लांब, पाय लांब, काठ्या फेकल्यासारखे गेले आणि पलीकडच्या उथळ पाण्यात उतरून पुन्हा खायला लागले. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा.

फोटो निघाले ५३. बरेच धूसर. काहींत पंखांची टोकं कापलेली. एकात सात रोहित, आणि त्यातल्या तिसऱ्याचा डोळा टाचणीच्या टोकासारखा लख्ख. आमच्या ३०० मि.मी.च्या लेन्सनं ते सातही जण चौकटीत मावले होते.

परतताना एस.टी.त तिनं तो फोटो पंचवीस वेळा तरी पाहिला असेल. तिकीट फाडायला आलेले कंडक्टर डोकावले. "कुठलं ओ हे? परदेशातलं?"

"नाही, येरळवाडीचं."

"आपली येरळवाडी?" त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला.

मग आम्ही घेतलं काय? जुना डी.एस.एल.आर. आणि ७०-३००. मोठ्या कंपन्यांनी नवे डी.एस.एल.आर. आणणं जवळजवळ थांबवलंय, त्यामुळे लोक मिररलेस घेतात आणि आपले धडधाकट जुने कॅमेरे विकतात. पण जुनं घेताना आईबाबांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. लेन्समधून टॉर्च मारून आत जाळ्यांसारखी बुरशी नाही ना, ते पाहा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती हमखास धरते. शटर आजवर किती वेळा उडालंय ते विचारा. आणि काही स्वस्त निकॉन कॅमेऱ्यांत फोकसची मोटार नसते. त्यांना जुनी लेन्स बसतात, पण फोकस हातानं करावा लागतो. उडत्या पाखरासाठी ते निरुपयोगी! तेव्हा कॅमेऱ्याला लेन्स लावून, दुकानाबाहेर येऊन, रस्त्यावरच्या एखाद्या कावळ्यावर फोकस करून बघा आणि मगच पैसे द्या. आम्ही तसंच केलं. दुकानदार आधी हसले, मग स्वतःच कावळे दाखवायला लागले.

भिशीतून उरलेल्या पैशांत एक दुर्बीण आली, आणि घट्ट झाकणाचा एक डबा. त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा झोपतो. पुड्यांचा रंग बदलला की नाही हे बघायचं काम दाजींनी आपणहून घेतलंय.

भाची सध्या रविवारी सकाळी आयर्विन पुलाखाली असते. भिंगरीचा फोटो काढायचाच, असा पण केलाय. आतापर्यंत २१२ फोटो झालेत. एकातही भिंगरी नाही. पुलाच्या कमानी मात्र फार छान आल्यात.